दिल्लीचे बूट, मुंबईची लाठी

२ ऑक्टोबर १९८८, रविवार
आजपासून रोजनिशी. कुणाला दाखवायची नाही. लताबाईला तर नाहीच. (लताबाई म्हणजे आमची ही.)
मी रतिलाल चुडामण फिरके, मुक्काम पिंप्राळा, जळगाव. पोटासाठी केळी सोसायटीत क्लार्क. पण ते पोटासाठी. खरा मी रविवारचा. होमगार्डच्या पिंप्राळा प्लाटूनचा कमांडर. मानसेवी. म्हणजे पगार नाही, मान आहे.
संकल्प: पाचला उठणे. बैठका. मिशी वाढवणे. समोरच्या छगन बोंडेचा विचार न करणे.
आज परेडला सहा जण. त्यातला एक क्रिकेट खेळायला आला होता, त्यालाही उभा केला. बाकीचे येत नाहीत कारण परेडचा भत्ता मागच्या वर्षापासून आलेला नाही. आला तरी त्यात चहा होतो, भजी होत नाहीत. माणसांत देशप्रेम उरलेलं नाही.
उठायला साडेसात झाले. पण आज रोजनिशीचा पहिला दिवस होता, त्याची तयारी होती.

५ ऑक्टोबर
छगन कॅम्पहून परत आला. विचार न करण्याचं ठरवलंय, म्हणून फक्त नोंद करतो.
छगन भुसावळला रेल्वेत फिटर. आणि टेरिटोरियल आर्मीत हवालदार. टेरिटोरियल म्हणजे वर्षातले काही दिवस शिपाई आणि बाकी वर्षभर पाना घेऊन इंजिनाखाली. हंगामी शिपाई. पण कॅम्पला गेला की रेल्वेचा पगार चालू, वर लष्कराचा पगार, वर जेवण, वर कॅन्टीन. आणि बूट. काळे, चामड्याचे, जाड तळाचे. रिक्षातून उतरला तर गल्लीतली कुत्रीसुद्धा उठून उभी राहिली.
आम्हाला कॅनव्हासचे. तेही ज्याचे त्याने आणायचे.
विचार केला तर फरक एवढाच की त्याला दिल्ली पोसते आणि मला मुंबई. पण मुंबई जवळ आहे.

९ ऑक्टोबर, रविवार
परेडला पाच. क्रिकेटवाला आला नाही.
छगनने कॅन्टीनमधून लताबाईला प्रेशर कुकर आणून दिला. हिने गुपचूप त्याच्या बायकोकडे, मंदाबाईकडे, सांगून ठेवलं होतं. मी म्हणालो, माझ्या घरात परक्या सैन्याचा कुकर चालणार नाही. ही म्हणाली, परकं कसं, आपलंच सैन्य आहे ना. मी म्हणालो, तत्त्वाचा प्रश्न आहे. रात्री त्यातली डाळ खाल्ली नाही.

१० ऑक्टोबर
डाळ खाल्ली. शिजली होती हे मान्य.

१६ ऑक्टोबर, रविवार
मोठी बातमी! पेपरात आतल्या पानावर, कापसाच्या भावाखाली, चार ओळींची. होमगार्डचं अनुदान वाढवण्याचा प्रस्ताव सरकारच्या विचाराधीन.
म्हणजे झालंच.
परेडवर पोरांना वाचून दाखवली. चामड्याचे बूट, गरम जर्सी, नवीन बेल्ट, भत्ता दर महिन्याला. पेपरात एवढं सगळं नव्हतं, पण ओघात आहेच. निंबा खूश झाला. निंबा हा आमचा सगळ्यात जुना शिपाई, रिक्षा चालवतो, मूळ धुळ्याकडचा. विचारायला लागला, आम्हले बूट खरंच भेटतीन का साहेब? मी म्हणालो, निंबा, हा रतिलाल फिरकेचा शब्द आहे.
संध्याकाळी ओट्यावर बसून मोठ्याने बातमी वाचली. छगन समोर सायकलची चेन लावत होता. म्हणाला, चांगलं झालं भाऊ, तुमच्या पोरांचे हाल होत होते. मत्सर लपवायची एकेकाची पद्धत असते.

२० ऑक्टोबर, दसरा
शस्त्रपूजा. मी लाठीला हळदकुंकू वाहिलं, झेंडूचं फूल ठेवलं. समोर मंदाबाईने त्या बुटांची पूजा केली. गल्लीतल्या बायका बूट बघायला गेल्या. लताबाईही गेली. परत आल्यावर तिने कुकरला कुंकू लावलं. लाठीकडे बघून म्हणाली, हिला तेल द्या, किडली आहे.

३० ऑक्टोबर, रविवार
जिल्ह्याच्या समादेशक साहेबांनी सगळ्या प्लाटून कमांडरांना बोलावलं. साहेब वकील आहेत, तेही मानसेवी. अनुदान खरंच येतंय! मी एकट्याने टाळ्या वाजवल्या. मग साहेब म्हणाले, थांबा, अटी आहेत. सगळ्यांना पुरणार नाही. आधी निवडक प्लाटूनना. जानेवारीत तपासणी होईल. हजेरी पाहिजे, कवायत पाहिजे. आणि प्रत्येक प्लाटूनला एक शिकलेला निदेशक पाहिजे, म्हणजे कवायत शिकवणारा, त्याला सरकार मानधन देणार. पैसे मार्चअखेर खर्च झाले नाहीत तर परत जातात. आणि ज्या प्लाटून यात बसणार नाहीत त्या बंद, पोरं शहरच्या कंपनीत, म्हणजे तिथल्या मोठ्या तुकडीत.
बंद हा शब्द म्हणताना साहेब माझ्याकडे का पाहत होते कळलं नाही. बहुतेक उजेडाची बाजू होती.
निदेशक मीच. हे उघड आहे.
संकल्प: आजपासून खरोखर पाचला उठणे.

६ नोव्हेंबर, रविवार
परेडला चार. दिवाळी जवळ आली म्हणून असेल.
उठलो नाही. थंडी.

१५ नोव्हेंबर
आज रजा टाकून भुसावळला गेलो. घरी सांगितलं, सोसायटीच्या कामाला. खरं म्हणजे टेरिटोरियलच्या ऑफिसात गेलो होतो. विचार असा की बघून तर यावं, काय एवढं असतं. आणि घेत असतील तर घेऊ देत.
तिथल्या सुभेदाराने विचारलं, रेल्वेत आहात का? मी म्हणालो, केळीच्या वॅगनचं काम बघतो. तो म्हणाला, वॅगनमध्ये केळी असतात, तुम्ही रेल्वेत आहात का? मग वय विचारलं. मग छाती फुगवायला सांगितली. फुगवली. तो म्हणाला, फुगवा. मी म्हणालो, फुगवली आहे.
एकंदर वातावरण संकुचित वाटलं. मी नाही म्हणून निघून आलो.
परतीच्या गाडीत छगन भेटला. ड्यूटी संपवून येत होता. हात काळे. कुठे गेले होते भाऊ विचारलं. मी म्हणालो, दीपनगरला, पाहुण्याकडे. तो म्हणाला, ऑफिसपाशी कुणीतरी तुमच्यासारखं दिसलं होतं. मग म्हणाला, नसतील तुम्ही. आणि शेंगदाण्याची पुडी पुढे केली. घेतली. खारे होते.

२० नोव्हेंबर, रविवार, एकादशी
रथाचा बंदोबस्त. जळगावात आज रामाचा रथ निघतो आणि अख्खा जिल्हा त्याच्यामागे. आमच्या प्लाटूनकडे एक वळण होतं. सर्वांत अवघड वळण. सात पोरं.
रथ वळायला लागला आणि मागून रेटा आला. कमांडरने उंचावरून परिस्थितीचा अंदाज घ्यायचा असतो, म्हणून मी एका कापड दुकानाच्या ओट्यावर चढलो. तिथून शिट्टी वाजवली. पण बँड जवळ होता. एक म्हातारी चाकाच्या बाजूला पडली. पोरं गडबडली, निंबाच्या हातातला दोर सुटला. तेवढ्यात गर्दीतून छगन. साध्या शर्टात, खांद्यावर त्याचा पुतण्या. पुतण्याला माझ्या हातात दिलं, धर भाऊ म्हणाला, आणि खाली घुसला. एकमेकांच्या बेल्टला धरा, असं ओरडला. पोरांनी धरलं. साखळी झाली. म्हातारीला ओढून काढलं. रथ गेला.
सगळं दीड मिनिटाचं काम. मी सगळा वेळ वरून नियंत्रण ठेवून होतो. पुतण्या सुरक्षित राहिला, हे कुणी बोलत नाही.
संध्याकाळी ही विचारते, तुम्ही ओट्यावर का होतात?

२७ नोव्हेंबर, रविवार
परेडला अठरा! माझ्या रथाच्या कामगिरीचा परिणाम.
छगनही मैदानावर आला होता. पोरांनी बोलावलं म्हणे. मी मोठ्या मनाने परवानगी दिली. पाहुणा म्हणून. त्याने थोडी कवायत दाखवली. सावधान कसं, वळायचं कसं, टाच कुठे पडते. पोरं तोंड उघडं ठेवून बघत होती. मी चहा सांगायला गेलो तेवढ्यात त्याने तिघांची लाइन सरळ केली. मी दोन वर्षं सांगतोय. बहुतेक माझं सांगणं आज मुरलं.

६ डिसेंबर
होमगार्ड दिन. मी भाषण केलं. शिस्त, त्याग, बूट. पोरांनी टाळ्या वाजवल्या. मग पोरंच छगनला म्हणाली, हवालदार, तुम्हीबी बोला ना. तो उठला आणि म्हणाला, मले बोलता येत नाही, चला, थोडं पळून येऊ. सगळे त्याच्यामागे पिंप्राळ्याच्या वेशीपर्यंत पळत गेले. मी खुर्च्या सांभाळल्या. कुणीतरी सांभाळायलाच हव्यात.
गल्लीत त्याला हवालदार म्हणतात. मला होमगार्ड म्हणतात. एक पद आहे, एक खातं आहे. कुणाला खात्याच्या नावाने हाक मारतात का? पोस्टमनला पोस्ट म्हणतात का?

१ जानेवारी १९८९, रविवार
नवीन वर्ष. संकल्प तेच, पण आता मनापासून. मिशी वाढली होती, पण हिने सांगितलं की दुधाची साय लागल्यासारखी दिसते. काढली.
परेडला एकोणतीस.
छगनची टेरिटोरियलची मुदत या महिन्यात संपतेय असं मंदाबाई हिला म्हणाली. नाव कमी होणार. बूट, युनिफॉर्म सगळं परत जमा. ऐकून फार वाईट वाटलं.
जेवताना एक भाकरी जास्त खाल्ली. थंडीत भूक लागते.

१५ जानेवारी, रविवार
तपासणी! मुंबईहून मोठे साहेब. आधी शहरची कंपनी बघून आमच्याकडे आले. एकतीस हजर. पोरं अशी उभी होती की मलाच ओळखू येईनात. मी हुकूम दिला, डावे वळ. सगळे डावीकडे वळले. सवयीप्रमाणे मीच उजवीकडे वळलो, पण साहेब तेव्हा निंबाकडे बघत होते.
निंबाच्या पायात टायरच्या चपला. साहेबांनी विचारलं, बूट कुठे? निंबा म्हणाला, साहेब, तेच तं इचारी ऱ्हायनूत आम्ही बठ्ठा. (बठ्ठा म्हणजे सगळे.)
साहेब हसले. मग मला म्हणाले, उत्तम. यांना तयार कुणी केलं? मी म्हणालो, माझ्या मार्गदर्शनाखाली झालं. ते म्हणाले, ते झालंच, पण शिकवलं कुणी? आता पोरं ऐकत होती. मी सहज, किरकोळ गोष्ट सांगावी तसं म्हणालो, एक टेरिटोरियलचा माणूस आहे, रविवारी रिकामा असतो, येऊन बसतो इथे. साहेबांनी समादेशक साहेबांकडे पाहिलं. समादेशक साहेबांनी मान हलवली.
मान का हलवली?

२६ जानेवारी
शाळेने झेंडावंदनाला प्रमुख पाहुणा म्हणून छगनला बोलावलं. मला गेटवर सायकली लावायला. बंदोबस्त म्हणून.
छगन परवा सगळं सामान जमा करून आला. आज पांढरा शर्ट, पायजमा, पायात चपला. मला वाटलं होतं, आता तो साधा दिसेल. झेंड्याला सलामी दिली तेव्हा पोरं, मास्तर, मंदाबाई, सगळ्यांच्या टाचा आपोआप जुळल्या. माझी लताबाई डोळे पुसत होती. माझ्या अंगावर पूर्ण युनिफॉर्म होता, इस्त्रीसकट.
एका सायकलची हवा गेली. ती मी काढलेली नाही. मी फक्त व्हॉल्व्ह तपासत होतो. छगनची निघाली हा योगायोग.

५ फेब्रुवारी, रविवार
तपासणीत पास. पिंप्राळा प्लाटून निवडली गेली. आता फक्त निदेशकाचं नाव. मी साहेबांना म्हणालो, मीच आहे की. साहेब म्हणाले, सर्टिफिकेट पाहिजे. धुळ्याला आठ दिवसांचा कोर्स आहे, करून या. म्हणजे मला निवडलंच.
गल्लीत सगळ्यांना सांगितलं. छगन म्हणाला, जा भाऊ, तिथे दोर चढायला लावतील, सकाळी थोडी सवय करून जा. सल्ला द्यायची हौस. दोर काय, मी केळीच्या वखारीत वाढलेला माणूस.

१३ फेब्रुवारी, धुळे
एस.टी.ने पोचलो. बराक. सतरंजी. बाकी सगळी विशीतली पोरं. इथला निदेशक आवाजाने हुकूम देत नाही, फेकतो. चार वाजता उठवणार म्हणे. मी तर पाचचा माणूस आहे.

१४ फेब्रुवारी, धुळे
दोर. जमिनीपासून पुरुषभर उंच गेलो. तिथे गेल्यावर वाटलं की इथून धुळ्याची पाहणी करावी. बराच वेळ पाहणी केली. खालून निदेशक म्हणाला, वर जा किंवा खाली या, मागे रांग आहे. दोन्ही जमेना. मग हात सुटले. घोटा.

१५ फेब्रुवारी, जळगाव
परत आलो. कोर्स माझ्या पातळीचा नव्हता. घोटा सुजलाय. छगनने येऊन तेल चोळून दिलं. विचारलं काहीच नाही. हे जास्त झोंबतं.
हिला सांगितलं, सर्टिफिकेट पोस्टाने येईल.

३ मार्च
समादेशक साहेबांनी बोलावून घेतलं. म्हणाले, रतिलाल, तुझ्या सर्टिफिकेटचं राहू दे. तुझा तो टेरिटोरियलचा हवालदार. लष्कराचं शिक्षण झालेलं चालतं असा वरून निरोप आहे. त्याला म्हणावं, मला येऊन भेट आणि सही कर, की तुमचं काम झालं. बूट, जर्सी, सगळं. पण या महिन्यात. एकतीस तारखेनंतर माझ्या हातात काही नाही.
मी म्हणालो, सांगतो.
सांगणार आहेच. प्रश्न फक्त योग्य वेळेचा.

५ मार्च, रविवार
परेडला बत्तीस. एवढ्या लोकांत सांगणं बरं दिसत नाही.

९ मार्च
छगन रात्रपाळीला. झोपमोड नको.
मंदाबाई हिला सांगत होती की टेरिटोरियल सुटल्यापासून तो घरात उगाच फिरतो, रविवारची वाट बघत बसतो. तेवढी परेडच त्याले उरली शे, असं म्हणाली. हिने मला सांगितलं आणि माझ्याकडे बघत राहिली. मी म्हणालो, सगळ्यांना काही ना काही असतंच.

१४ मार्च
आज सांगायला निघालोच होतो. तो ओट्यावर होता. तेवढ्यात दोन पोरं आली आणि त्याच्या पाया पडली. आमच्याच प्लाटूनची! एकाला पोलिसात घेतलं, दौडीत पहिला आला म्हणून. पेढे छगनला आधी, मला नंतर. माझा पेढा फुटलेला होता.
नाही सांगितलं. अशा वातावरणात निरोपाचं गांभीर्य राहत नाही.

१९ मार्च, रविवार
निंबाने विचारलं, बुटाचं माप कधी घेतीन साहेब? मी म्हणालो, सरकारी काम आहे. तो म्हणाला, उन्हाळा लागी ग्या, डांबर पोळस. पोरांसमोर अशी घाई करू नये, एवढं समजावलं.
साहेबांनाही कदाचित दुसरा माणूस सापडला असेल. उगाच छगनला आशा लावायची आणि मग मोडायची, हे माणुसकीत बसत नाही.

२२ मार्च, होळी
सण आहे.

२८ मार्च
उद्या नक्की.

२९ मार्च
केळीच्या वॅगन लागल्या होत्या. मान वर करायला वेळ नाही.

३० मार्च
सरकार कधी एकतीस तारीख एकतीसला पाळतं का? चार-आठ दिवस पुढेमागे होतातच. सोमवारी सांगतो. सोमवार चांगला वार.

३१ मार्च, शुक्रवार
दुपारी सोसायटीत काम करत असताना छगन आला. घामाघूम, त्याच्या मेहुण्याची स्कूटर घेऊन. निंबाच्या रिक्षात साहेबांच्या ऑफिसातला शिपाई बसला होता, तो बोलला म्हणे, तुमचा हवालदार काही अजून आला नाही. छगन म्हणाला, भाऊ, आज शेवटचा दिवस शे म्हणे, चला लवकर. मी आश्चर्य दाखवलं. चांगलं दाखवलं.
मागे बसून गेलो.
साहेब टेबलापाशी उभे होते, जायच्या तयारीत. म्हणाले, दोन वाजेपर्यंत वाट पाहिली. पैसे परत जाण्यापेक्षा भुसावळच्या एका प्लाटूनला दिले, त्यांचा निदेशक तयार होता. आता तुमची प्लाटून चालू ठेवता येत नाही. पोरांना शहरच्या कंपनीत घेतो. मग छगनकडे वळले. म्हणाले, तुम्ही कुठे होता? मी रतिलालला तीन तारखेलाच सांगितलं होतं.
छगनने माझ्याकडे पाहिलं.
भिंतीवर कॅलेंडर होतं. बियाण्यांच्या कंपनीचं. वर कपाशीचं चित्र. बोंडं फार चांगली काढली होती.
मग छगन म्हणाला, साहेब, यांनी मले सांगितलं व्हतं. मीच इसरलो.
साहेब त्याला बरंच बोलले. बेजबाबदार म्हणाले. लष्करात हेच शिकलात का म्हणाले. तो हात मागे बांधून उभा होता.
म्हणजे चूक त्याची होती, हे शेवटी त्यानेच कबूल केलं. साक्षीदारासमोर. मी उगीच इतके दिवस जिवाला लावून घेतलं होतं.
परत निघालो. मागे बसल्यावर पाठीशिवाय काही दिसत नाही. पाठ रुंद आहे त्याची. शर्ट ओला होता.
गल्लीत उतरल्यावर एवढंच म्हणाला, पोरायले बूट भेटले असते, भाऊ.
जेवण गेलं नाही. ऊन लागलं असावं.

१ एप्रिल
निंबा आला. शिट्टी आणि दोर जमा करून गेला. म्हणाला, साहेब तुम्हीबी चला शहरच्या कंपनीत. मी विचारलं, तिथे कमांडरची जागा आहे का? म्हणाला, नही, रांगेत उभं ऱ्हावं लागी. मी म्हणालो, बघू. त्याने जाताना सलाम केला. चपला उन्हाने चिकटत होत्या, त्या सोडवून मग नीट टाच लावून केला.
संध्याकाळी लताबाईने विचारलं, तुम्ही छगनभाऊंना निरोप दिला होता का? मी म्हणालो, त्याने साहेबांसमोर कबूल केलंय. ती म्हणाली, त्यांचं नाही विचारत, तुम्ही दिला होता का? मी म्हणालो, एकदा माणसाने कबूल केल्यावर पुन्हा पुन्हा तेच उकरू नये.
ती उठली. मग आत गेली. भांडी घासायचा आवाज आला. भांडी मघाशीच घासून झाली होती.

२ एप्रिल, रविवार
पाचला जाग आली. आपोआप.
युनिफॉर्म घातला. प्लाटून बंद झाल्याचा लेखी हुकूम माझ्या हातात अजून नाही. नाही तोवर परेड घेणं माझं कर्तव्य आहे. मैदानावर गेलो. कुणी नाही. क्रिकेटवालेसुद्धा नाहीत, परीक्षा चालू आहेत. वेळ झाल्यावर शिट्टी वाजवली. नियम म्हणजे नियम. एक गाय उठून दुसरीकडे गेली.
किती वेळ उभा होतो आठवत नाही. घोटा दुखायला लागला.
मग पलीकडून छगन आला. मला वाटलं, आता बोलेल. आता सगळं बोलेल. मी उत्तरं तयार केली. परेडची गर्दी, रात्रपाळी, होळी, वॅगन. तो सरळ चालत राहिला. जवळ आला, जिथे पहिल्या रांगेचा पहिला माणूस उभा राहतो तिथे उभा राहिला. एकटाच. समोर बघत.
मी आजूबाजूला पाहिलं. मग म्हणालो, प्लाटून, सावधान.
तो सावधान झाला.
असं सावधान मी कधी पाहिलेलं नाही. त्या धुळ्याच्या निदेशकाचंही नाही. माझं तर नाहीच. मळक्या पायजम्यातला माणूस, आणि वाटलं, याच्यामागे अख्खी फौज उभी आहे. इतकं चांगलं कुणी का असावं? काय अधिकार आहे?
पुढचा हुकूम आठवेना. खरोखर आठवेना. दोन वर्षं दर रविवारी दिलेला. तो तसाच ताठ उभा, डोळे समोर, घाम कानामागून गळ्यात.
शेवटी ओठ न हलवता, मला एकट्यालाच ऐकू येईल असं तो म्हणाला, विश्राम म्हणा, भाऊ.
मी म्हणालो, विश्राम.